वाय-फायचा पाटकरी

कोडोलीच्या पाणीपुरवठा संस्थेत गुंडूतात्या चौतीस वर्षं पाटकरी होते. पाटकरी म्हणजे नदीवरून उपसलेलं पाणी कुणाच्या उसाला कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे बघणारा माणूस. आमदार पाच वर्षांनी बदलतो, तलाठी तीन वर्षांत जातो, पाटकरी जागचा हलत नाही. त्यामुळं तात्या पाटाच्या कडेनं निघाले की उसातले कोल्हेसुद्धा बांधावर येऊन मान खाली घालून उभे राहत, असं कोडोलीत सांगतात. सांगणारे बहुतेक वेळा तात्याच असत, ही गोष्ट वेगळी.

असला हा माणूस गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कोल्हापुरात, फुलेवाडीला, मुलाच्या घरी येऊन पडला होता. आणि पडल्या पडल्या त्यानं बघायचं काय, तर वाकलेल्या माना. मुलगा अमरसिंह पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. पंप बनवतो, पण पाण्यात हात घातलेला नाही. सगळे पंप पडद्यावरच फिरतात. सून प्रियदर्शनी शाळेत गणिताची बाई. संध्याकाळी घरातून शिकवण्या घ्यायची, त्याही पडद्यावर. आणि बायको चिमणाबाई. जिनं जन्मभर चुलीत लाकडं सारली, ती आता टॅब नावाची पाटी मांडीवर घेऊन परक्या घरातल्या सासवा-सुनांची भांडणं बघत बसायची, जणू स्वतःच्या घरात ती कमी पडली होती.

"ह्यास्नी नदी दिली असती तरी पाय सोडून बसून आटवली असती," असं तात्या छताकडं बघत म्हणायचे. छताकडं बघत, कारण त्या घरात ऐकून घेण्याच्या लायकीचं तेवढंच होतं.

तात्यांच्या पोटात एक वर्षापूर्वीचा काटा होता. पुतण्याचा पोरगा ऋतुराज, ज्याला पहिला लंगोट तात्यांनी स्वतःच्या हातानं बांधला, त्याची गेल्या साली कोडोलीच्या मैदानात मोठी कुस्ती लागली होती. ऑपरेशन ताजं, म्हणून तात्या मोबाईल हातात धरून बसलेले. हलगी कडाडली, सलामी झाली, पाच मिनिटं नुसती खडाखडी चालली. मग ऋतुराजनं हात घातला, आणि चित्र थिजलं. मधोमध एक चाक गरागरा फिरायला लागलं. ते चाक तात्यांनी जेवढं बघितलं तेवढं जन्मात मोटेचं बघितलं नव्हतं. चित्र परत आलं तेव्हा आखाड्यात दोन म्हातारे नारळ फोडत होते.

ऋतुराज जिंकला होता. पण कसा? ज्याला त्याला फोन करून विचारलं, तर जो तो एकच म्हणायचा, "काय डाव हुता, तात्या. तुम्ही बघायला पायजे हुता." हे वाक्य वर्षभर तात्यांच्या कानात चिलटासारखं राहिलं. या साली परत त्याच मैदानात, रविवारी पाच वाजता, ऋतुराजची कुस्ती वडगावच्या पैलवानाशी ठरली होती. ती कुस्ती सुरुवातीपासून चितपटीपर्यंत, मध्ये चाक न फिरता, डोळ्यांनी बघायची. याउपर तात्यांना या जन्मात काही नको होतं.

त्यासाठी नेटचा चोर कोण, ते आधी ठरवायला हवं होतं. ते त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. गेल्या साली बरोबर त्या वेळी अमरसिंहाची कसली तरी मीटिंग, सुनेची शिकवणी, बायकोची मालिका. सगळ्यांनी एकदम दारं उघडली, मग शेवटच्या रानाला थेंब कसा पोचेल?

मैदानाच्या आधी दोन आठवडे इंटरनेटवाला जोतीराम वायर बदलायला आला. गळ्यात ओळखपत्र, कमरेला पक्कड. तात्यांनी त्याला बोटानं बोलावलं.

"पावणं, हिकडं या. ह्या डब्यात पाणी येतंय किती?"

"पाणी न्हाई तात्या. नेट हाय."

"तेच. किती इंची?"

जोतीरामनं डोकं खाजवलं. "शंभर एमबीपीएस."

"ते हेडला. टेलला किती?"

"टेल म्हंजे?"

तात्यांनी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं कोडोलीत एकदा एकाचं चालू इंजिन बंद पडलं होतं. "डबा पुढच्या खोलीत. म्हंजे हेड ती. माझी खोली पार मागं, मधी तीन भिंती. म्हंजे पाटाचं शेवटचं रान माझं. त्येला टेल म्हंत्यात. टेलला किती पोचतंय?"

जोतीराम मागच्या खोलीत जाऊन मोबाईलवर मोजून आला. "नऊ."

"शंभरातलं एक्क्याण्णव वाटंत मुरलं. आणि तू गळ्यात कार्ड अडकवून हिंडतोस."

बिचाऱ्यानं सुटका करून घ्यायला म्हणून तात्यांच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. त्यात घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी होती. नावावर बोट ठेवलं की त्याचं नेट बंद. परत ठेवलं की चालू. कुणाला आधी, कुणाला किती, सगळं तिथून. पासवर्ड अमरसिंहानं जेवता जेवता सांगून टाकला. "घेऊ दे की. तेवढाच त्यांना विरंगुळा," असं तो बायकोला म्हणाला. शिकलेल्या माणसाच्या अकलेचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडायचा नाही.

कारण तात्यांच्या हातात परत व्हॉल्व्हची चावी आली होती.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर पाळीपत्रक लागलं. एक पाळी म्हणजे एक दिवस. टेलला आधी, हेडला मागनं, हा तात्यांचा चौतीस वर्षांचा बाणा. त्याच्यासाठी त्यांनी मोठमोठ्या बागायतदारांशी भांडणं घेतली होती. आता या घरात टेलला नेमके तेच राहत होते, हा योगायोग. तात्यांचा मोबाईल कायम पहिला. बाकीच्यांना ठरल्या तासांना, ठरल्या धारेनं. कपडे धुवायच्या मशीनलाही इंटरनेट लागतं, हे त्यांना यादीत दिसलं तेव्हा ते उठून तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "चड्ड्या पिळायला?" आणि तिचं नाव कायमचं बंद केलं.

घराचं व्हायचं ते झालं. अमरसिंहाचा साहेब मीटिंगमध्ये 'आ' करून जो थिजला, तो दुपारच्या जेवणापर्यंत तसाच पडद्यावर होता, आणि कारखान्यात कुणाला फरक जाणवला नाही. प्रियदर्शनीच्या शिकवणीत अपूर्णांकाचा अंश पोरांपर्यंत पोचला, छेद काही पोचला नाही. चिमणाबाईच्या मालिकेतल्या सासूनं सोमवारी हात उगारला, तो सुनेच्या गालावर बुधवारी बसला.

"अवं, तेवढी थोबाडीत तर बघू द्या," चिमणाबाई म्हणाली.

"तुझ्या पाळीला बघ. पळून जात न्हाई थोबाड."

"माझं टॅब आणि तुमचं मोबाईल, कामाचं काय करत्यात तेवढं सांगा."

"मी मैदानासाठी पाटाची चारी साफ करून ठेवालोय. तुम्ही नुसतं पीत बसलाईसा."

एवढं करूनही चोर होताच. यादी बोटानं खाली सरकते, हे तात्यांना मैदानाआधीच्या गुरुवारी कळलं. सरकवली, तर तळाला आणखी एक नाव. इंग्रजीत तीन अक्षरं, पुढं तीन आकडे. तात्यांनी चष्मा पुसला, अक्षरं एकेक करून लावली, आणि त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

आयपीसी-४३०.

आता हे बाकी कुणाला काही वाटायचं नाही. पण चौतीस वर्षं तात्या पाणीचोराला एकाच शब्दात गार करत आले होते. पाट फोडून पाणी वळवणाऱ्याला जे जुनं कलम लागायचं ते हेच, चारशेतीस. "आयपीसी चारशेतीस लावीन," एवढं म्हटलं की माणूस फावडं टाकून पळायचा. म्हणजे चोरानं नुसती चोरी केली नव्हती. तात्यांचंच कलम नाव म्हणून लावून वर बसला होता. आणि पीत किती होता? दिवसरात्र. यादीत बाकी सगळ्यांच्या नावापुढचा बाण खाली, याचा वर. पाणी घरात येत नव्हतं, घरातनं बाहेर चढत होतं. चढावर पाणी नेणारा चोर कोडोलीत सुद्धा निपजला नव्हता.

तात्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांना फ्रिजपुढं उभं केलं.

"चारशेतीस कुणाचं?"

अमरसिंहानं बशीत बघितलं. प्रियदर्शनीनं अमरसिंहाकडं बघितलं. "तात्या, ते काय आहे ना..." ती म्हणाली.

"साक्षी मागनं. आधी शिक्षा ऐका. कोडोलीत चोराच्या तीन पाळ्या तुटत हुत्या, हितंबी तीनच तुटणार. हुडकला की त्या दिवसापासनं तीन. उद्या घावला तर शुक्कर, शनिवार, रविवार. बाहेरनं मोबाईलचं नेट आणायचं न्हाई; ते टँकर आणल्यागत झालं. आणि दुसऱ्याच्या रानात जाऊन त्याच्या पाटाला तोंड लावायचं न्हाई."

"ऐका तरी तात्या, ते मीच—"

"गप ग," चिमणाबाई सुनेला म्हणाली. आणि मग नवऱ्याकडं वळून, अगदी पदराचं टोक चाचपत, गरीब गायीसारखी बोलली, "पण चोर धरायचा कसा म्हंते मी? हात कुणाचा ते बघायचं, का रान कुणाचं?"

हा प्रश्न चिमणाबाईनं विचारावा यात किती पाणी मुरलेलं आहे, ते तात्यांना त्या वेळी कळलं नाही. ज्याला साऱ्या जगाची अक्कल आपल्यापेक्षा कमी वाटते त्याचं असंच होतं. ते फुशारून म्हणाले, "बांध कुणी फोडला ते कधी इचारायचं न्हाई. उंदरानं फोडला म्हंत्यात, खेकड्यानं फोडला म्हंत्यात. पाणी कुणाच्या रानात मुरलं, तेवढं बघायचं. ज्याचं रान वलं, त्यो चोर. ह्यो माझा निवाडा हाय. तालुक्यात गाजला."

"गाजला की. माझ्या बालाच लावलासा पयल्यांदा," चिमणाबाई म्हणाली. "तेवढं कागदावर लिवा."

तात्यांनी लिहिलं. खाली सहीसुद्धा ठोकली.

तो निवाडा खराच तिच्या बापावर झाला होता. लग्नाला दोन वर्षं झालेली. सासऱ्याच्या उसात पाळी नसताना पाणी सापडलं. सासरा म्हणाला, खेकड्यानं बांध पोखरला. आणि खेकड्यानंच पोखरला होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण तात्यांनी भर उन्हाळ्यात सासऱ्याच्या तीन पाळ्या तोडल्या. चिमणाबाई त्या साली माहेरी गेली तेव्हा आईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, नवऱ्याकडनं पाळी लावून घे.

शुक्रवारी सकाळी अमरसिंह कारखान्यात गेला, प्रियदर्शनी शाळेत, चिमणाबाई शेजारच्या शालूबाईकडं शेवया करायला. तात्यांची चोर धरायची जुनी पद्धत सोपी होती: पाटाचं दार टाकून पाणी तोडायचं आणि कुणाचं पीक माना टाकतंय ते बघायचं. ते खुर्चीत ऐसपैस बसले, चारशेतीसवर बोट ठेवलं, बंद केलं आणि वाट बघत राहिले.

सात मिनिटांनी फोन वाजला. सून.

"तात्या? तात्या, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"पडलाय का कुठं? हलू नका. मी निघालेय शाळेतनं."

"मी कशाला पडतोय? खुर्चीत बसलोय."

"मग तुमचं चित्र का गेलं?"

तात्यांनी खोलीत चौफेर बघितलं.

"माझं कसलं चित्र?" तात्या म्हणाले.

वीस मिनिटांत ती स्कूटीवरून दारात होती. बोटांना अजून खडू. काही न बोलता तिनं तात्यांच्या खोलीतल्या कपाटावर बोट दाखवलं. तिथं एक पांढरा, लिंबाएवढा गोळा होता. चार महिन्यांपूर्वी तिनं तो बसवला तेव्हा डासांचं यंत्र म्हणून सांगितलं होतं. तात्या रोज सकाळी त्याच्यापुढं उभे राहून त्याला शिव्या घालत. "भाड्या, एक डास मेला न्हाई तुझ्यानं." ते यंत्र त्यांचं तोंड रोज अकरा वाजता प्रियदर्शनीच्या शाळेत पोचवत होतं. गादीखाली लपवलेल्या चिक्कीसकट.

"जूनमध्ये तुम्ही टाकीत पाणी किती ते बघायला गच्चीचा जिना चढलात," ती म्हणाली. "पडलात. आणि तासभर तिथंच पडून राहिलात, पण हाक मारली नाही."

"हाक मारायला मी काय शेरडू हाय?"

"म्हणून कॅमेरा बसवला. आयपी कॅमेरा, म्हणून आयपीसी. आकडे कंपनीनं घातलेत, तात्या. तुमचं कलम त्यांना माहीत नाही."

संध्याकाळी फ्रिजपुढं परत सगळे जमले. अमरसिंह म्हणाला, "झालं गेलं सोडा की आता. रविवारी निवांत बघा कुस्ती." प्रियदर्शनी म्हणाली, "चूक माझी आहे. न सांगता मी बसवला. माझ्या तीन पाळ्या तोडा."

चिमणाबाईनं कागदावर बोट ठेवलं, सहीच्या बरोबर वर. बांध कुणी फोडला ते विचारायचं नाही. पाणी कुणाच्या खोलीत मुरत होतं?

तात्यांनी तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. बायकोचा त्यांना राग आला नाही. तिनं निदान कागद वाचला होता. तिटकारा आला तो या दोघा दयाळूंचा. "असल्या ढिल्या हातांनीच संस्था बुडत्यात," ते म्हणाले. "मला काय भीक घालालाईसा? नियम म्हंजे नियम." मोबाईल काढून त्यांनी स्वतःच्याच नावावर बोट ठेवलं, बंद केलं, आणि काठी टेकत खोलीत गेले. दारात थांबून एवढंच म्हणाले, "कॅमेराबी तीन दिवस बंदच ऱ्हाईल. वलं रान एकच."

खोलीत गेल्यावर मात्र त्यांना आपण काय करून बसलो ते नीट समजलं. रविवार त्या तीन दिवसांतला तिसरा होता.

शनिवार गेला. कॅमेरा बंद, म्हणून प्रियदर्शनीच्या सांगण्यावरून चिमणाबाई दर अर्ध्या तासानं दारातून डोकं आत घालायची. "हाय जित्ता," असं मोठ्यानं म्हणायची आणि जायची. तात्या भिंतीकडं तोंड करून बसले होते. दोनदा अमरसिंह येऊन म्हणाला, बाहेर टीव्हीवर बघू, तुम्ही नुसतं बसायचं. तात्या म्हणाले, "टीव्हीची पाळी तुझ्या आईची हाय. दुसऱ्याच्या पाटाला तोंड लावायला मी खालचा न्हाई."

रविवारी पावणेपाचला तात्यांच्या दाराबाहेर, मधल्या खोलीत, टीव्ही लागला. अमरसिंहानं घरातली बाकीची सगळी यंत्रं बंद केली. शंभरच्या शंभर एकट्या टीव्हीला. भिंतीपलीकडून हलगीचा आवाज असा स्वच्छ यायला लागला की कपाटावरचा गोळा थरथरत होता, असं तात्या पुढं सांगत. ते भिंतीकडं तोंड करूनच बसले होते. पण पायाचा अंगठा हलगीच्या तालावर हलत होता.

दारात फरशीवर खुर्ची ओढल्याचा खरखराट झाला. चिमणाबाईनं खुर्ची आणून उंबऱ्याच्या आत टेकवली, बरोबर दाराच्या तोंडाशी.

"ह्यात बसा."

"पाळी न्हाई माझी."

"पाळी कोण म्हंतंय? खुर्ची तुमच्या रानात हाय. टीव्ही माझ्या रानात हाय. मधनं काय झिरपलं तर झिरपलं." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्या साली माझ्या बाचा ऊस वाळला न्हाई. शेजारच्या रानाच्या पाझरावर जगला. लोक बोंबलत आलं, पाझर बुजवा म्हणून. तवा तुम्ही काय म्हणालतासा?"

तात्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"पाझराला पाळी नसती, म्हणालतासा. मुद्दाम म्हणालतासा का काय, ते पंचेचाळीस वरसं मला कळंना झालंय."

"मुद्दाम कशाला म्हणीन?" तात्या भिंतीला म्हणाले. "नियमच हाय त्यो."

"बरं. मग उठा."

तात्या उठले. खुर्चीत बसून बघितलं, तर टीव्ही तिरका दिसत होता आणि डावा कोपरा फ्रिजनं खाल्ला होता. "निम्मा आखाडा फ्रिजात घातलाय," ते कुरकुरले. पण मान अशी लांब केली की खोलीतले पाय खोलीतच राहिले आणि डोकं जवळजवळ टीव्हीपाशी पोचलं.

सलामी झाली. वडगावचा पैलवान म्हणजे सरळ गुऱ्हाळातल्या काहिलीएवढी छाती. ऋतुराज त्याच्यापुढं शेवग्याची शेंग. सात मिनिटं माती उडत राहिली. मग ऋतुराजचा डावा हात त्या जाड मानेवर गेला, उजवा काखेत शिरला, आणि चित्र थिजलं.

मधोमध चाक फिरायला लागलं.

अमरसिंहानं मोबाईलवर घाईघाईनं मोजलं. "शंभर येतंय. पुरं शंभर."

"इथलं नाहीच ते," प्रियदर्शनी हळू म्हणाली. "तिकडं मैदानात सगळ्यांनी मोबाईल वर धरले असणार. हजारो माणसं एकदम चित्रण पाठवायला लागली, की तिथूनच निघत नाही. गेल्या वर्षीही तेच झालं असणार, तात्या."

याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला. साहेबाचा 'आ', अपूर्णांकाचा छेद, बुधवारपर्यंत लोंबलेली थोबाडीत, सगळं फुकट. घरात चोर कधी नव्हताच. तिघांनी दाराकडं बघितलं. दुसरा कुणी असता तर माफी मागितली असती.

"म्हंजे नदीवरच्या जॅकवेललाच, उपशाच्या हिरीलाच पाणी न्हाई," तात्या म्हणाले. "मग माझ्या चारीचा काय दोष? समोर कुस्ती लागली असताना हजारो गाढवं ती मोबाईलातनं बघालीत. डोळं काय राखायला ठेवल्यात?" आणि मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "थांबा. कुणी हलू नका. मी सांगतो."

ते थिजलेल्या चित्राकडं टक लावून बघत होते. "ह्यो डावा हात बघा. मानंवर न्हाई, मानंच्या मागं हाय. ह्यो उजवा काखंतनं वर निघालाय. उजवा पाय फ्रिजाआड हाय, पण मला म्हाईत हाय कुठं हाय. आता त्यो वडगावचा रेडा जोर लावणार म्होरं, कारण रेड्याला तेवढंच येतंय. लावला. आता ह्यो फिरणार." आणि तात्या उठले. काठी खाली पडली. दुरुस्त गुडघ्यावर सारा भार देऊन ते दारातच अर्धे वळले, हवेतली मान काखेत धरली, कंबर लावली आणि सगळा वडगावचा पैलवान उंबऱ्यावरून मधल्या खोलीत भिरकावून दिला. अमरसिंह खरोखर बाजूला सरला. "ढाक," तात्या म्हणाले आणि मांडीवर शड्डू ठोकला. फ्रिजवरचं पाळीपत्रक सुटून खाली आलं.

बरोबर तेव्हा चित्र आलं. ऋतुराज माणसांच्या खांद्यावर होता, गुलालानं लाल, आणि वडगावचा पैलवान पाठीची माती झटकत होता.

"बघितलासा?" तात्या म्हणाले, आणि परत खुर्चीत, आपल्या हद्दीत बसले.

आणि खरं सांगायचं तर तिघांनीही बघितलं होतं. चिमणाबाई तर लगेच शालूबाईकडं सांगायला गेली, ढाक कशी बसली ते, हातवारे करून.

अर्ध्या तासानं प्रियदर्शनीच्या फोनवर ऋतुराज आला. माणसाच्या माणसाशी बोलण्याला पाळी लागत नाही, म्हणून तात्यांनी फोन घेतला.

"आज्जा, मारली बघा कुस्ती. घिस्सा डाव बसला."

"ढाक."

"न्हाई आज्जा, ढाकंवर त्यो वाचला. मग मी खाली घेऊन घिस्सा—"

"तुझं तोंड मातीत हुतं. तुला काय दिसणार? मी हितनं समदं बघितलंय."

पलीकडं हलगी कडाडत होती. "व्हय आज्जा," ऋतुराज म्हणाला. "ढाकच असंल."

"असंल न्हाई. हुती." तात्यांनी पाय लांब केले आणि कपाटावरच्या बंद गोळ्याकडं तुच्छतेनं बघितलं. "काय डाव हुता, लेकरा. तू बघायला पायजे हुतास."